गंधकाचं दूध

बाळांनो,

माझ्या गुडघ्यांसाठी तुम्ही पाठवलेल्या गोळ्या पोचल्या. सांध्यांसाठी गंधक असलेलं पूरक औषध, असं डबीवर बारीक इंग्रजीत लिहिलं आहे. ते वाचून मी खुर्चीत बसले ती बराच वेळ उठलेच नाही. का, ते चाळीस वर्षांत मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

"वाया कशाला घालवायचं, बाई?" हे आमच्या शेजारणीचं नेहमीचं वाक्य. निपाणीत मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. ती शेजारच्या दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. विडीपानाच्या कातरणांवर ती चूल पेटवायची, भाताची पेज प्यायची, आमच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं मुलीसाठी मागून न्यायची. मुलगी माझ्याच वर्गात, नववीत होती. "तिला सुपाला हात लावू दीत न्हाय मी," असं आक्का मान ताठ करून सांगायची.

तिची बोटं मात्र आखडत चालली होती. सकाळी मूठ उघडायची नाही. गरम पाण्यात हात बुडवून ती एकेक बोट सरळ करायची. "ही थांबली की पोरगीची शाळा थांबली बघा."

चिकोडीच्या एका वैद्यांनी तिला गंधक घ्यायला सांगितला. मी सोबत होते. शुद्ध करायची रीत त्यांनी भराभर सांगितली आणि मी सवयीप्रमाणे क्रमांक घालून लिहून घेतली. गंधक तुपात वितळवणे, फडक्यातून दुधात ओतणे, तळाचा खडा धुणे, पुन्हा नव्या दुधात; असं सात वेळा. मग गुंजभर, मधातून. कागद सुरेख झाला होता. घरी मुलगी तो आईला वाचून दाखवणार होती.

चौथ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. संध्याकाळी मी गेले, तर दोघी भिंतीला टेकून बसलेल्या, चेहरे पांढरेफटक, मध्ये बादली.

"काय खाल्लंत, आक्का?"

"काय न्हाय वो. दूध तेवढं प्यालो."

"कसलं दूध?"

"गंधकाचं. सात खेपंचं सात तांबं झालं. वतून टाकू व्हय? वाया कशाला घालवायचं, बाई?"

ज्या दुधात गंधकाची घाण उतरते, तेच दूध. मी कागद मागून घेतला. 'दूध टाकून देणे' त्यात कुठेच नव्हतं. वैद्य बोललेही असतील. मला ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. माझ्या घरात ते दूध कुणी प्यालं नसतं.

"पण हिला का दिलंत? हिचे कुठले सांधे दुखतात?"

मुलीनं हात पाठीमागे नेले. मी ते पुढे ओढले. बोटांच्या टोकांना विड्या वळणाऱ्यांचे घट्टे होते आणि नखांत जर्दा. रोज पहाटे, शाळेआधी, ती आईचं काम पुरं करत होती. वर्गात हाच हात वर करून ती मला उत्तरं देत होती, आणि मला काही दिसलं नव्हतं.

"तिची आखडायच्या आदी दिलं," आक्का म्हणाली.

टांग्यातून दोघींना दवाखान्यात नेलं. वाचल्या. उठून बसता आलं तशी आक्का मला म्हणाली, "पोरगीला पहाटं तुमच्याकडं बशीवा, बाई. डोळ्यापुढं असली तर मी तिला सूप देणारच."

मॅट्रिक होईपर्यंत ती आमच्या स्वयंपाकघरात अभ्यास करत होती. भिंतीपलीकडून आक्काच्या कात्रीचा आवाज यायचा, दर महिन्याला थोडा अधिक सावकाश. त्या कागदाबद्दल मी आक्काची माफी मागायला गेले, तेव्हा तिनं मला चहा दिला आणि विषय बदलला.

आम्ही बेळगावात टिळकवाडीला राहायला आलो, त्यानंतर दोन वर्षांनी आक्का गेली. शेवटी तिला पेलाही दोन तळव्यांत धरावा लागायचा, असं कळलं.

मुलगी सदलग्याला शिक्षिका आहे. तिची दहाही बोटं सरळ आहेत.