बंपरला भोक

दातांच्या डॉक्टरांनी जन्मभर लोकांच्या दातांना भोकं पाडली आणि त्या कमाईतून लाल स्पोर्ट्स कार घेतली. तिच्या बंपरला मात्र ते नंबरप्लेटसाठी भोक पाडू देईनात. पुढच्या बाजूला प्लेट नाही म्हणून पोलिसांनी दोनदा अडवलं होतं. पुन्हा अशी दिसली तर गाडीच उचलून नेऊ, असा दमही भरला होता.

मेकॅनिकने तोड काढली. गाडी ओढायच्या हुकासाठी बंपरला एका बाजूला मुळातच छिद्र होतं. त्यात दांडा बसवून त्याने प्लेट लावली. डॉक्टर घाण्याच्या बैलासारखे गाडीभोवती फिरले.

"वाकडा दात दिसतोय."

"असू द्या की," बायको म्हणाली. "तुमचाही एक आहेच."

दुसऱ्या दिवशी पेशंट तोंड उघडून बसलेले आणि डॉक्टर खिडकीतून खाली गाडीकडे बघताहेत, असंच चाललं. शेवटी संध्याकाळी त्यांनी मेकॅनिकला बोलावून सांगितलं, "मधोमध लाव."

ड्रिल सुरू झालं.

"डॉक्टर, बंपरवरचा हात काढा."

"काढतो. पण हळू हं."

"काही दुखत नाही हो!"

"असं मी रोज सांगतो," म्हणत डॉक्टरांनी डोळे मिटले.