स्वस्त विजेची बातमी

आईचं दहावं उरकून परतताना मांजरसुंब्याला एसटीची वाट पाहत मी पेपर वाचत होतो. शेजारचा माणूस चहाचा ग्लास हाताच्या पालथ्या बाजूने चाचपत होता. सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर वीस वर्षं काढल्याची ती सवय, असं त्यानेच सांगितलं. दुष्काळात ऊस नाही, कारखाना बंद. म्हणून तो आता कोयता घेऊन परमुलखात ऊसतोडीला निघाला होता.

"काय म्हनतंय पेपर?"

"छोट्या अणुभट्ट्या येणार. त्यांची वीज स्वस्त पडेल म्हणे."

"तिथं बॉयलरवर माणूस लागंल का?" मग थांबून म्हणाला, "वाफ पाण्याचीच करतेत ना?"

"हो."

"मंग कितीबी सस्ती असू द्या साहेब, आपल्याकडं कशाला बांधतील?"

मी बातमी पुन्हा चाळली; सगळा खर्च मांडला होता, पाण्याचा उल्लेख नव्हता. मी मान वर केली, तेव्हा तो ऊसतोड टोळीच्या ट्रकमध्ये चढत होता.