मास्तर, पाणी म्हणा

ज्याने आयुष्यभर शब्दांवरच पोट भरलं, त्याचे शब्द गेले तर त्याने देवापुढे काय घेऊन उभं राहावं, हा प्रश्न मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत कधी पडला नव्हता. मी बेनेडिक्टीन या ख्रिस्ती संघातला संन्यासी. पाचगणीच्या खालच्या अंगाला आमचा लहानसा मठ आहे. ठरल्या वेळी घंटा होते आणि आम्ही सगळे हातातलं काम टाकून स्तोत्रं गायला जमतो. बाकीच्या वेळात कुणी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात असतो, कुणी स्वयंपाकघरात आणि मी वर्गात, नाहीतर छापखान्यातून आलेल्या मुद्रितांपुढे. नव्या बंधूंना आणि जवळच्या शाळेतल्या मुलांना मराठी शिकवायचं, मठाची लहान लहान पुस्तकं लिहून छापून घ्यायची, यात माझ्या तिशीची साठी कधी झाली कळलं नाही. त्या उन्हाळ्यात आजारी माणसांसाठी एक प्रार्थनापुस्तक हाती होतं. प्रार्थना लांबलचक होत्या, आणि खरं सांगतो, मला त्या फार आवडत होत्या.

शिक्षकांच्या एका शिबिरासाठी सांगलीला गेलो होतो. शिकवता शिकवता हातातला खडू खाली पडला. तो उचलून द्या असं समोरच्या बाईंना म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसतं "खडू, खडू" एवढंच येत राहिलं. उजवा हात लोंबायला लागला. मग दवाखाना. मेंदूचा रक्तपुरवठा अडला होता. जीव वाचला, हातातही हळूहळू बळ येईल असं डॉक्टर म्हणाले, पण वाचेचं काही सांगता येत नव्हतं. समोरचा काय बोलतो ते मला सगळं कळे. बोलायला गेलो की मात्र पाणी हवं असो, चादर हवी असो, शब्द एकच निघायचा, खडू.

प्रार्थना करायला गेलो तर तीही होईना. मनात अर्थ असे, शब्द नसत. वर्षानुवर्षं रोज गायलेली स्तोत्रं एखाद्या बंद खोलीत ठेवल्यासारखी झाली. देव ऐकतो यावर माझा विश्वास होता, पण आता त्याने ऐकावं असं माझ्याकडे काय होतं? सोबतीला आलेले मठातले एक वृद्ध बंधू खुर्चीत बसून माळ ओढत, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राही. त्यांच्या प्रार्थनेचा मला हेवा वाटे.

शेजारच्या खाटेवर पाटणकडचे एक निवृत्त सुभेदार होते. लेकीकडे सांगलीला आले असताना त्यांनाही असाच झटका आला होता. त्यांची तर वाचा पुरती गेली होती. त्यांची बायको हौसाबाई दिवसभर त्यांच्या उशाशी बसून त्यांना बोलायला शिकवत. हातात पेला धरायच्या आणि म्हणायच्या, "आवं, म्हणा बगू, पाणी." सुभेदार नुसते बघत. बाई चिडत नसत. पेला खाली ठेवून टॉवेल उचलत, टॉवेल ठेवून केळं उचलत. आमच्या बंधूंनी मी शिकवतो एवढंच त्यांना सांगितलेलं, तेव्हापासून मी त्यांचा मास्तर झालो. एक दिवस पेला माझ्याकडे वळला.

"मास्तर, तुमी बी म्हणा. पाणी."

"खडू," मी म्हणालो.

बाई खळखळून हसल्या. "आवं, खडू कुणी पितं व्हय? परत म्हणा."

त्या झटक्यानंतर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. त्यानंतर रोज आम्हा दोघांचा एकच वर्ग भरायला लागला. आपल्या माणसाच्या तोंडात एक घास आणि माझ्या तोंडात एक, असंही त्यांनी पुष्कळदा केलं. माझी जात, धर्म, गाव त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा आमचे मठाधिपती काळा झगा घालून भेटायला आले, तेव्हा कुठे त्यांना उलगडा झाला. "म्हंजी तुमी फादर हाय व्हय? बायका-पोरं न्हाईत? मग घरी जेवायला कोण वाढतं?" यावर मठाधिपतींनाही हसू आवरेना. हौसाबाईंनी मात्र मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून लेकीकडून येणाऱ्या डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्त असे.

सुभेदार गावातल्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. म्हणून त्यांचे हातपाय पुसताना बाई हळू आवाजात भजन म्हणत, त्यांच्या बोटांनी ठेका धरावा म्हणून. ती बोटं कधी हलली नाहीत. एका दुपारी त्या अशाच गात होत्या. मी डोळे मिटून ऐकत होतो. त्यांच्या चालीतलं एक वळण आमच्या सायंप्रार्थनेच्या स्तोत्राच्या चालीसारखं होतं, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. त्यांचं कडवं संपलं आणि कुणीतरी स्तोत्र गातंय असं माझ्या कानावर आलं. आवाज घोगरा होता. पूर्ण ओळ होती, शब्दाला शब्द लागून. दुसरी ओळ निघाली तेव्हा कळलं, गाणारा मीच आहे.

बंधूंच्या हातातली माळ थांबली. हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण त्याआधी त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी राहते, असं डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, आणि ते मला पटलंही. मला एवढंच ठाऊक आहे की जे दार मला सापडत नव्हतं ते त्या बाईने उघडलं, आणि तेही दुसऱ्यासाठी ठोठावताना. पुढे मी गाऊन पाणी मागायला लागलो, मग गुणगुणत, मग साधं बोलून. सुभेदार मात्र तसेच राहिले. मला त्याची फार लाज वाटे. घरी निघायच्या दिवशी शब्द जुळवून जुळवून मी म्हणालो, "बाई... मागणं तुमचं होतं. मिळालं मला."

त्या डबे बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमाला मिळालं त्ये बी आमचंच की, मास्तर. ह्यांच्या नावानं दोन शबूद जास्त बोला."

मठात परतलो. वर्गात शब्द अडला की आता मी थांबतो, आणि मुलंही थांबतात. प्रार्थनापुस्तक पुन्हा हाती घेतलं. जे वाक्य मला एका दमात म्हणता येईना ते खोडलं. असं करत करत पुस्तक निम्म्यावर आलं आणि तसंच छापलं.

छापलेली पहिली प्रत घेऊन मी पाटणला गेलो. सुभेदार ओसरीवर खुर्चीत बसले होते. हौसाबाईंनी पुस्तक कपाळाला लावलं, उभ्या उभ्याच एक पान वाचलं आणि म्हणाल्या, "हे बरं हाय. ह्यांना रोज एक वाचून दावीन." चहा झाला. बाई जरा घुटमळल्या. "मास्तर, थोडा वेळ बसता ह्यांच्यापाशी? मी बाजारात जाऊन येते. लय दिवस झालं, पाऊल बाहेर पडलं न्हाई."

त्या गेल्या. सुभेदारांशी काय बोलावं मला सुचेना, मग मी बोलायचं सोडून दिलं. त्यांचा निर्जीव हात माझ्या हातात घेतला. समोर रस्त्याने बैलगाडी गेली, एक कोंबडी अंगणात येऊन गेली. मी काही मागत नव्हतो, काही म्हणत नव्हतो, आणि तरी ती प्रार्थना होती याबद्दल माझ्या मनात शंका आली नाही. एवढ्या वर्षांत मी देवाला इतकं काही ऐकवलं होतं, पण त्याच्या हाती स्वतःला असं रिकामं सोपवलं ते त्या ओसरीवर. सुभेदारांनी मान माझ्याकडे कलती केली आणि डोळे मिटले.

ऊन उतरताना हौसाबाई परतल्या. पायरी चढताना किणकिण वाजलं. बाजारात बांगड्या विकणाऱ्या चाचींकडून त्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरून आल्या होत्या. नवऱ्यापुढे वाकून त्यांनी आपला हात पुढे केला, "बगा तरी, कशा दिसत्यात?"

सुभेदारांनी डोळे उघडले. बराच वेळ ते त्या हाताकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या तोंडाची जी एक बाजू चालत होती ती हळूच हसली.