जलीलभाईंच्या गिरणीतली घरं

भोरमधल्या जलीलभाईंच्या भातगिरणीत वडिलांपासून एकच नियम: ज्याचं भात, त्यालाच त्याचा तांदूळ. पोती कधी मिसळायची नाहीत. वर प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी. आंबवड्याच्या सगुणाबाईंना दात नाहीत, म्हणून त्यांना जास्त पॉलिश. वेल्ह्याच्या गेनूला लालसर, कोंडा राखलेला. अशी दोनशे घरं जलीलभाईंना तोंडपाठ होती. साठीनंतर विसर पडायला लागला. एकदा गेनूचा तांदूळ पांढराफेक निघाला आणि तो चार माणसांत बोलला. तेव्हा भाईंनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं.

पुण्याचा एक जण तयार सॉफ्टवेअर दाखवून गेला. त्यात सगळ्या गावाचं इंद्रायणी एकाच राशीत. घर कुठं लिहायचं, असं भाईंनी विचारलं, तर त्याला प्रश्नच कळेना. दुसरी वाट म्हणजे आपल्या गिरणीपुरतं करून घ्यायचं. त्यासाठी त्यांचा सख्खा भाचा सरफराज तयार होता. माझं शिलाईचं दुकान गिरणीसमोरच. त्यांनी सल्ला विचारला आणि मी शहाणपणा पाजळला: तयार कपडा अंगाला कधी बसतो का? घरच्या पोराकडून मापाचं शिवून घ्या.

तीन महिने भाई सांगत होते आणि सरफराज लिहून घेत होता. पहिलं नाव त्यांनी बायकोचं घातलं. खुर्शिदा, कणी वेगळी, खिरीसाठी. खुर्शिदाभाभींना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, पण यादी घरापासूनच सुरू व्हायला हवी, असं भाई म्हणाले.

दोन हंगाम झकास गेले. यंदा शिवऱ्याला हायवेलगत नवी मोठी गिरणी निघाली आणि आंबवड्याची पोती येईनाशी झाली. सगुणाबाई बाजाराला आल्या तेव्हा भाईंना कौतुकानंच सांगू लागल्या, "तितं काईच सांगावं लागलं न्हाई बगा. नाव इचारलं आन् माज्या जोगता तांदूळ दिला."

भाईंनी लगेच सरफराजला फोन लावला. आपण फक्त सॉफ्टवेअर विकलं, आता ते तयार पॅकेज झालंय, कुणीही घेतं, घरांची यादी कुणाला दिलेली नाही, असं तो म्हणाला. वर अम्मीची शपथ घेतली. भाईंना केवढं हायसं वाटलं! मला नाही वाटलं. गिऱ्हाइकाच्या मापांची वही मी सख्ख्या भावालाही दाखवत नाही. त्यांना गाडीवर बसवून मी शिवऱ्याला नेलं.

काउंटरवर वैष्णवी नावाची मुलगी होती. तिनं भाईंना गाव आणि नाव विचारलं.

"भोर. खुर्शिदा."

तिनं टाइप केलं आणि हसून म्हणाली, "कणी वेगळी, खिरीसाठी. बरोबर ना, काका?"

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला त्या पोराचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझ्या जिभेचा. भाई मात्र ओरडले नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ. खाली बघत हळूच म्हणाले, "बाई, बाकीची घरं राहू द्या. येवढं एक नाव काडून टाका."

"मला काढता येत नाही, काका," ती म्हणाली. "त्यासाठी सरफराज सरांना विचारावं लागेल."