पट्टीखालचा आकडा

"तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही. तुम्हाला अँग्झायटी आहे," अंबरनाथच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. अँग्झायटी म्हणजे मनातली धास्ती, जी अंगात उतरते. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, सगळे रिपोर्ट टेबलावर होते आणि सगळे नॉर्मल. मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "मग बीपी एकशे अठ्ठ्याहत्तर कुठून आलं?"

हा आकडा माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या आड येत होता. हर्निया म्हणजे पोटाचा पडदा एखाद्या जागी सैल होतो आणि तिथून आतडं बाहेर डोकावतं. माझं उजव्या जांघेत डोकावत होतं. सर्जननी बजावलं होतं, ते अडकून बसण्याआधी ऑपरेशन करून घ्या. दोनदा मी उपाशीपोटी बदलापूरच्या हॉस्पिटलात जाऊन पडलो. दोनदा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि मला घरी पाठवलं.

मी मोरिवलीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. सत्तावीस वर्षं सुटे भाग मोजतोय. आमचा नियम असा, की माप मर्यादेबाहेर गेलं तर पुन्हा मोजायचं आणि तिथून पुढे तपासणी वाढवायची. पहिल्यांदा परत आलो तेव्हा मी बीपीचं मशीन आणलं आणि हाच नियम स्वतःला लावला. सकाळी एकदा मोजलं. जास्त आलं म्हणून पुन्हा मोजलं. आणखी जास्त आलं म्हणून तासातासाला. एका रविवारी एकतीस वेळा. बोटांना मुंग्या यायच्या, घशात गोळा, छातीत धडधड. लघवीला तर इतक्यांदा जायचो की बीपीच्या वहीत त्याचेही आकडे लिहायला लागलो.

"जेवणाआधी बीपी, जेवणानंतर बीपी," आमची सौ. म्हणाली. "भाजीत मीठ बरोबर आहे का, तेवढंही आता त्या मशीनलाच विचारा!"

डॉक्टरबाईंनी वही चाळली. "भीती वाटली की शरीर ॲड्रिनलिन सोडतं," त्या म्हणाल्या. ॲड्रिनलिन म्हणजे पळायला नाहीतर लढायला तयार करणारं रसायन. "वाघ समोर आला तर ते उपयोगाचं. तुम्ही रविवारी एकतीस वेळा वाघ बोलावलात."

"मॅडम, जास्त वेळा मोजलं की माप पक्कं होतं."

"लोखंडाला कळत नाही हो, कोणी मोजतंय म्हणून. तुम्हाला कळतं."

त्यांनी ॲम्ब्युलेटरी बीपी सांगितलं. म्हणजे चोवीस तास दंडाला पट्टा आणि कमरेला मशीन. दिवसा दर वीस मिनिटांनी पट्टा आपोआप फुगतो. सरासरी नीट आली तर ऑपरेशन, नाहीतर आधी गोळ्या आणि दोन महिने थांबा.

उल्हासनगरच्या लॅबमधल्या सिंधी ताईंनी मशीन बांधलं आणि पडद्यावर चिकटपट्टी लावली.

"हे कशाला?"

"आकडा पेशंटला दाखवायचा नाही अंकल. डॉक्टरांची ऑर्डर आहे."

हातात एक तक्ता दिला. किती वाजता काय केलंत ते खरं लिहायचं.

पहिले दोन तास वाईट गेले. मशीन घुरघुरलं की मी ठोके मोजून आकड्याचा अंदाज बांधायचो. मग सौ.ने पुढ्यात मेथीच्या दोन जुड्या टाकल्या. निवडता निवडता पट्टा तीनदा फुगून गेला, मला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट उघडला. चोवीस तासांची सरासरी एकशे बावीस बाय अठ्ठ्याहत्तर, म्हणजे नॉर्मल.

"संध्याकाळी पाच दहाला मात्र एकशे बहात्तर आहे. काय करत होतात?"

त्यांनी तक्ता ओढला आणि वाचला. खरं लिहायचं म्हटल्यावर मी लिहिलं होतं: "५.१०. चिकटपट्टी नखाने उकलण्याचा प्रयत्न. असफल."

त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावली. मग भूलतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली: ऑपरेशनला हरकत नाही, मोजताना आकडा पेशंटला सांगू नये. आणि सोबत आलेल्या सौ.ला म्हणाल्या, "घरचं मशीन आता तुमच्या ताब्यात."

ज्यांना माझ्यासारखं होतं, त्यांना सांगतो. छातीत दुखलं तर आधी डॉक्टर गाठा, घरी अंदाज बांधू नका. चालू गोळ्या मनाने सोडू नका. पण सगळं तपासून झाल्यावर डॉक्टर "धास्ती आहे" म्हणाले तर रागवू नका. धडधड खरीच असते, फक्त कारण वेगळं असतं. मला हे पटायला तीन महिने लागले. डॉक्टरबाईंचे उपकार विसरणार नाही.

तिसऱ्या खेपेला ऑपरेशन झालं. दुपारी शुद्धीवर आलो तेव्हा नर्स फॉर्म घेऊन उभी होती.

"काका, दुखणं दहापैकी किती?"

"दुखतंय. पण सोसेल इतकं."

"आकडा सांगा ना, इथे भरायचाय."

"आकडा नको," मी म्हटलं आणि डोळे मिटले.

"तीन लिहा हो," सौ. म्हणाली. "चार असतं तर यांनी सर्जनला परत बोलावलं असतं."

नर्सने तीन लिहिलं.