पेट्रोल ओळखणारी सुभद्रा

निरोप आला तेव्हा मी माजरीच्या खाण कॉलनीत गवत कापत होतो. खांद्यावरची ती पेट्रोलची मशीन एवढी ओरडते की शेजारचा माणूस ऐकू येत नाही. भाचा सायकल टाकून समोर हात हलवत उभा राहिला, आणि मी त्यालाच शिवी हासडली, पात्यासमोरून हट म्हणून. मशीन बंद केली तेव्हा तो म्हणाला, "मामा, मामी गेली..." छातीत कळ आली आणि अंगणात बसल्या बसल्या संपलं. दीड महिना झाला.

तेरवीला एक जण म्हणाला, "बिचारी, नवऱ्याच्या हाताखाली राबली." तिथंच सांगितलं, इथंही लिहितो: हाताखाली मी होतो. मशीन मी वाहत होतो. तिला काय पाजायचं ते माझ्या बायकोला, सुभद्राला कळत होतं.

पहिल्या वर्षी मला हे मान्य नव्हतं. या मशीनला पेट्रोलात तेल मिसळून लागतं. त्याच साली कॉलनीत नव्या मोटरसायकली आल्या, त्यांच्या पेट्रोलात तेल घालावं लागत नव्हतं. साहेब लोकांचं पाहून मीही नुसतं पेट्रोल भरलं. सुभद्रा कापलेलं गवत ओढत होती. दाताळं टाकून आली.

"अवो, धूर नाई निघून राह्यला. तेल टाकलं नाई का?"

"नव्या गाड्यांले लागते का तेल?"

"त्यायच्या पोटात तेलाची जागा अलग हाय. इच्या पोटात कुठी हाय, दाखवा मले."

"चौथी शिकली अन मिस्त्री झाली मोठी!"

"तुम्ही तं तिसरीच शिकले. बंद करा."

मी केली नाही. थोड्या वेळानं मशीनच बंद पडली. पिस्टन जळून चिकटला होता. भद्रावतीच्या मिस्त्रीनं तो काढून तिच्या हातात दिला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्याच दुकानातून मशीन घेतली त्या दिवशी मी पातं न्याहाळत होतो आणि ती त्याला प्रश्न विचारत होती, हे त्याच्या लक्षात होतं.

मग पेट्रोलचा डबा तिचा झाला. पेट्रोल आणलं की दोन थेंब तळहातावर चोळायची. चटकन उडून हात थंड पडला तर ठीक. चिकट राहिला की, "रॉकेल हाय यात, वापस करा," आणि मी मुकाट परत जायचो. तेल सीलबंदच, सुटं नाही. दिवाळीनंतर मशीनमधलं उरलेलं पेट्रोल काढून टाकायची, पुढच्या पावसाळ्यात शिळं चालू द्यायची नाही. पार घुग्घुसहून लोक मशीन घेऊन यायचे आणि विचारायचे मलाच, "भाऊ, काऊन बंद पडते ही?" मी ऐटीत मान हलवायचो, पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन तिला विचारून यायचो. ही लबाडी मी कितीतरी वर्षं केली... ती एकदाही बाहेर येऊन बोलली नाही. म्हणून आता मी बोलतो.

पोरगा म्हणतो, मशीन विका, तुमच्यानं होणार नाही. नाही विकत. गेल्या आठवड्यात पांढरा रंग आणला आणि डब्यावर माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, सुभद्राबाई. कॉलनीचा सुपरवायझर थांबला.

"भाऊ, अंदर काय हाय ते लिहा लागते. हे पुसा."

"अंदर जे हाय ते तिनं शिकवलं तसंच हाय. पुसणार नाई."

"मंग निदान 'पेट्रोल' तरी लिहा ना, बाप्पा!"

लिहिलं. तिच्या नावाखाली, बारीक अक्षरात.