हेमलतानं शोधलेली चूक

हेमलता गेल्याचा फोन पुण्यात आला, तेव्हा पलीकडून बोलणारे साहेब रडत होते. बोईसरच्या रंगांच्या कारखान्यात आम्हा दोघींचे ते वरिष्ठ. मी तिथली नोकरी सोडली, तेव्हा त्यांनी फाइलमधून मानही वर केली नव्हती... फोन ठेवल्यावर आधी तेच आठवलं. दुःख मागाहून आलं, आणि ते हेव्यापासून मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

ती सातपाटीची, मच्छीमारांच्या घरातली. मी तारापूरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेली. कारखान्यानं गोदाम, वजनकाटा आणि ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडले, ते काम आमच्याकडे होतं. ऑपरेटिंग सिस्टिम फुकट मिळणारी, तिचा सगळा कोड वाचायला खुला. चार-आठ दिवस सुरळीत जायचे आणि मग ऑफिसचं मशीन अचानक गप्प व्हायचं. काट्यावर ट्रक खोळंबायचे, ड्रायव्हर हिंदीत आमचा उद्धार करायचे. मशीन बंद करून चालू केलं, की पुन्हा सगळं ठीक! मी केबल बदलली, नेटवर्क कार्ड बदललं. शेवटी साहेबांनी बजावलं, "महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर तुमचा विभाग बंद."

मग आम्ही कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच वाचायला घेतला. मी भराभर पानं उलटायची. ती एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायची, "आणि नेमकं इथंच माहितीचं दुसरं पाकीट आलं तर?" मला वैताग यायचा. एका दुपारी डबा उघडता उघडता ती ओरडली, "हाय गं, इथंच हाय!" माहितीचं पाकीट आलं की नेटवर्क कार्ड गाभ्याला हाक मारतं. गाभा पाकिटं उचलायचा आणि मग हाकेची खूण पुसायचा. त्या दोहोंमधल्या क्षणात नवं पाकीट आलं, तर त्याचीही हाक पुसली जायची. आणि ते उचललं जाईपर्यंत कार्ड पुन्हा हाक मारायचं नाही. गोदाम आणि काटा एकदमच बोलले, की कधीतरी हे जुळून यायचं. तिनं दोन ओळींची अदलाबदल केली. आधी खूण पुसायची, मग उचलायचं. बस्स. मशीन पुन्हा अडलं नाही... आणि तेच पान मी तिच्याआधी वाचलं होतं.

सिस्टिम सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींना तिनं ती दुरुस्ती पाठवली, दोघींच्या नावानं. मी म्हणाले, "माझं नाव काढ." तिला कळेचना. "अगं, आपण दोघी बसलेलो ना?" तिनं नाव काढलं नाही. ते मोठेपणही तिच्याच वाट्याला गेलं. पुढं मी पुण्याला आले. ती तिथंच राहिली, विभागप्रमुख झाली.

परवा साहेबांनी बोलावलं म्हणून बोईसरला गेले. तिच्या खोलीतलं मशीन ती इस्पितळात गेल्यापासून चालूच होतं. "बंद करायला कुणाचा हात धजत नाही," ते म्हणाले. "तू कर." खुर्चीच्या पाठीवर तिची ओढणी होती, ती न हलवता बसले. बटणापर्यंत हात नेला आणि मागं घेतला. "राहू दे, साहेब." ते लगेच 'बरं' म्हणाले, जणू हेच ऐकायला थांबले होते.

माझं कुठलंच मशीन कुणी असं जपलेलं नाही. हेमलता, मी अजून तुझ्यावर जळते आहे... आणि ते थांबू नये, असं वाटतं.